बेणारेबाईंना एकटं उभं करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात मागच्या आठवड्यात युवक महोत्सवाची बातमी होती. एकपात्री अभिनयात पहिल्या आलेल्या मुलीचा फोटो आणि बेणारेच्या स्वगतानं सभागृह हेलावल्याचा मथळा. त्या स्पर्धेला परीक्षक म्हणून आम्ही तिघं बसलो होतो, त्यातली मी एक. पहिल्या क्रमांकाच्या कागदावर माझीही सही आहे. मुलगी गुणाची आहे, आवाज चांगला आहे, तिच्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. पण घरी आले आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. ती का लागली नाही, हे सांगायला हे पत्र. लांबलं आहे, पण जमलं तर सगळं छापा.

त्या दिवशी एकोणीस प्रवेश झाले. त्यातले चार विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधले, आणि चारही तेच, लीला बेणारेचं शेवटचं स्वगत. चौघींनी पांढरी ओढणी घेतली होती. चौघी ठरलेल्या जागी गुडघ्यावर बसल्या. पाच मिनिटांची मर्यादा होती, साडेचार मिनिटांना पहिली घंटा. बक्षीस समारंभानंतर पहिली आलेली मुलगी पाया पडायला आली. मी विचारलं, “नाटक सगळं वाचलंस का गं?” ती म्हणाली, “नाही बाई, सरांनी एवढंच टाइप करून दिलं होतं. बाकीचं मोबाइलवर पाहिलं.” आणि मग फार निरागसपणे तिनं विचारलं, “बाई, पण मग शेवटी ते दामले काय म्हणाले?”

ज्यांनी नाटक पाहिलं-वाचलं आहे त्यांना हा प्रश्न कुठं लागतो ते कळेल. प्राध्यापक दामले नाटकात येतच नाहीत. तीन अंक त्यांचं नाव घेतलं जातं, त्यांची वाट पाहिली जाते, त्यांच्या नावानं एक रिकामी खुर्ची ठेवून साक्ष काढावी तसं सगळं चालतं, आणि अविवाहित बेणारेच्या पोटातल्या ज्या मुलाबद्दल एवढं रामायण घडतं त्याचा बाप रंगमंचावर पाऊल ठेवत नाही. हे त्या लेकराला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसताना ती रडली, लोक रडले, मी गुण दिले.

मी हे अधिकारानं लिहिते आहे असं कुणाला वाटलं तर वाटू द्या. सेलूच्या आसपासच्या एका शाळेत मी छत्तीस वर्षं मराठी शिकवलं. १९८१ साली, म्हणजे वयाच्या सव्विसाव्या वर्षी, मी बेणारे केली होती.

आमचा संच म्हणजे गावातलीच हौशी मंडळी. बँकेतले रोखपाल नाटकातले न्यायमूर्ती काशीकर झाले होते. खत-बियाण्यांच्या दुकानावरचा एक पोरगा बाळू रोकडे. सुखात्मे वकील करणारे खरोखरच तालुका कोर्टात वकिली करायचे आणि त्यांच्याकडे खरोखरच फारशी कामं नसायची, त्यामुळं पहिल्या वाचनाला ते मधेच गप्प झाले ते मला आजही आठवतं. तालमी एका जिनिंगच्या रिकाम्या गोदामात व्हायच्या. हंगाम संपलेला, पण सरकीचा वास भिंतींत मुरलेला, आणि केसांत अडकलेला कापूस घरी जाऊन काढावा लागे. वीज गेली की गॅसबत्ती. बाईमाणूस मी एकटीच, आणि काशीकरबाई करायला आमच्या दिग्दर्शकांनी आपल्या बायकोला कसंबसं तयार केलं होतं.

त्या दिग्दर्शकांनी एक गोष्ट केली, जिच्यामुळं हे नाटक माझ्या अंगात गेलं. त्यांनी दार खरं आणलं. पाडायला काढलेल्या एका वाड्याचं जुनं सागवानी दार, जड लोखंडी कडीसकट, बैलगाडीतून. आम्ही म्हटलं, चौकट उभी केली तर पुरे की. ते म्हणाले, पहिलं पान वाचा. पहिल्या पानावर बेणारे आत येते तेव्हा तिचं बोट कडीत चेमटलेलं असतं, ते ती तोंडात धरते. आणि सामंत, तो गावातला भोळा माणूस, तिला त्या कडीची खोड सांगतो. कडी जरा बाहेर राहिली आणि दार ओढून घेतलं, की माणूस आत कोंडला. प्रेक्षक हसून सोडून देतात. दोन तासांनी ती उठून पळू बघते, दाराला धावते, आणि दार बाहेरून लागलेलं असतं. कुणी मुद्दाम लावलेलं नसतं. आपणहून लागलेलं असतं, पहिल्या पानावर सांगितलं होतं तसं. तालमीच्या तिसऱ्या दिवशी माझं डावं बोट त्या कडीत खरंच सापडलं. नख काळं पडलं ते प्रयोगापर्यंत तसंच होतं. मला वेगळा अभिनय करावा लागला नाही.

आता टाइप केलेल्या एका पानात हे दार कुठून येणार?

तेंडुलकरांचं हे नाटक रंगमंचावर आलं १९६७ साली. मुंबईच्या ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेनं केलं, दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं, बेणारे सुलभा देशपांडे. सुलभाबाई स्वतः दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या, हे मला फार नंतर वाचायला मिळालं, आणि वाचलं तेव्हा एकटीच बसून मी बराच वेळ ते पान धरून ठेवलं होतं. नाटकातली बेणारे शिक्षिका आहे हे लोक विसरतात. ती सुरुवातीलाच सामंताला अभिमानानं सांगते की शाळेत तिचं पाऊल कधी उशिरा पडत नाही, तिच्या शिकवण्याला कुणी बोट लावू शकत नाही, मुलं तिच्यावर जीव टाकतात. आणि तिथंच, बोलता बोलता, तिच्या चौकशीचीही गोष्ट निघते. म्हणजे नाटक सुरू होतं तेव्हा तिला शाळेतून काढण्याचा निकाल कुठंतरी आधीच लागत आलेला आहे. पुढं काशीकर तो फोडतात, संस्थेच्या अध्यक्षांकडं आपण काय ऐकलं ते सांगून. शाळा नावाच्या जागेत ज्यानं नोकरी केली आहे त्याला हे वाचताना पोटात खड्डा पडतो.

गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ज्यांनी नुसतं स्वगत पाहिलं आहे त्यांना ती माहीत नसणार. मुंबईची एक मंडळी गावोगाव जाऊन अभिरूप न्यायालयाचे प्रयोग करते. त्या रात्रीचा खटला अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर, अण्वस्त्रांबद्दल. एक गडी आलेला नाही, त्याच्या जागी गावातल्या सामंताला उभं करायचं आहे, त्याला कोर्ट कसं चालतं ते ठाऊक नाही. वेळही आहे. तेव्हा म्हणतात, चला, लुटुपुटूचा खटला करू. आरोपी कोण? बेणारे बाहेर तोंड धुवायला गेलेली, तिचंच नाव ठरतं. आरोप भ्रूणहत्येचा, कलम ३०२. हसत हसत. पान खात, चेष्टा करत. काशीकर न्यायमूर्ती, कानकोरणं हातात. आमच्या रोखपालांनी ते कानकोरणं असं काही वापरलं, की परभणीला पहिल्या रांगेतल्या लोकांनी आपोआप आपल्या कानाला हात लावला.

फिर्यादी वकील सुखात्मे. पुढं आरोपीचा वकील हवा म्हटल्यावर तेही सुखात्मेच. जागा बदलून बसतात, चेहरा पाडतात, आणि बचाव करतात. आरोप करणारा तोच आणि बाजू मांडणारा तोच, हे तेंडुलकरांनी विनोद म्हणून लिहिलेलं नाही. आपल्याकडं घराघरांत, भावकीच्या बैठकीत, शाळेच्या कार्यालयात हे असंच चालतं. “मी तुमच्या बाजूनंच बोलतोय” म्हणणारा माणूस कुठून उठून कुठं बसला, ते आपण बघत नाही.

मग एकेक जण साक्षीला येतो. रोकडे, ज्याला काशीकरांनी वाढवलं आणि जो त्यांच्या डोळ्याकडं बघून बोलतो. पोंक्षे, जो तिच्या पर्समधल्या टिक-ट्वेंटीच्या, म्हणजे ढेकणाच्या विषाच्या, बाटलीबद्दल सांगतो. कर्णिक. काशीकरबाई, ज्यांच्या पोटी मूल नाही. आणि सामंत. सामंताबद्दल मला दोन ओळी जास्त लिहायच्या आहेत. त्या माणसाच्या मनात पाप नाही. त्याला साक्ष द्यायची आहे पण सांगायला काही नाही, म्हणून तो हातातल्या कादंबरीतलं वाचलेलं सांगतो, दामलेंच्या खोलीच्या दाराबाहेर उभं राहून आपण बाई रडताना ऐकली असं. सगळ्यांना ठाऊक असतं की हे पुस्तकातलं आहे. तरी ते कागदावर येतं, पुरावा होतं. मी गावात आयुष्य काढलं. दुष्ट माणसांनी जेवढं वाटोळं केलं त्याहून जास्त सामंतांनी केलेलं पाहिलं आहे. पारावर बसलेला साधा माणूस, काही वाईट मनात नसलेला, कुठंतरी ऐकलेलं आपलं म्हणून सांगतो आणि एखाद्या पोरीची शाळा सुटते.

तिसऱ्या अंकात बेणारे बोलत नाही. हे पुन्हा लिहिते, कारण सगळ्या पत्रातली मुद्द्याची गोष्ट तीच आहे. अंकाचा बहुतेक भाग ती गप्प बसून असते. तिला प्रश्न विचारतात, ती उत्तर देत नाही. काशीकरबाई तिला धरून पिंजऱ्यात नेऊन उभी करतात, ती बोलत नाही. बेणारे करणाऱ्या नटीला विचारा, अवघड काय आहे. स्वगत अवघड नाही हो. स्वगतात शब्द आहेत, शब्द माणसाला धरून नेतात. अवघड आहे ते गप्प बसणं. पाऊण तास सगळा रंगमंच तुमच्याबद्दल बोलतो आहे आणि तुमच्याकडं एक वाक्य नाही. हात कुठं ठेवायचे? मी पहिल्या तालमीत पदराशी चाळा केला, दिग्दर्शक म्हणाले तो करू नका, पदराशी चाळा करणारी बाई लोकांची दया मागते. मग मी हात मांडीवर उलटे ठेवले. तसेच. काळं नख वर. प्रयोगाला तसेच ठेवले आणि तिसऱ्या रांगेतली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, “बोल की गं माय, कामून गप बसलीस!”

ती म्हातारी म्हणजे माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं बक्षीस आहे.

आणि या सगळ्यानंतर काशीकर घड्याळ बघून म्हणतात की आरोपीला आपली बाजू मांडायला दहा सेकंद. दहा सेकंद! मग प्रकाश बदलतो, बाकीचे सगळे आहेत तिथं थिजतात, आणि बेणारे बोलते. आयुष्याबद्दल, शरीराबद्दल, चौदा-पंधरा वर्षांची असताना मामावर जडलेल्या प्रेमाबद्दल, नंतर एका माणसाच्या बुद्धीची पूजा केली आणि त्यानं शरीर घेऊन पाठ फिरवली त्याबद्दल, वर्गातल्या लेकरांबद्दल. आपण विष पचवलं पण त्याचा थेंब मुलांपर्यंत जाऊ दिला नाही, असं ती सांगते. हे सगळं बोलून होतं, प्रकाश पूर्वीसारखा होतो आणि काशीकर सांगतात, वेळ संपली. म्हणजे ती बोललीच नाही! निदान त्या खोलीतल्या एकाही माणसानं ते ऐकलेलं नाही. दहा सेकंद होते आणि ते गेले. आपण प्रेक्षकांनी जे ऐकलं ते तिच्या आतलं.

आता माझं म्हणणं कळेल. ते स्वगत कापून पांढऱ्या ओढणीत आणून उभं केलं, की काय होतं? भोवती थिजलेली माणसं नाहीत, त्यामुळं ते मोकळं बोलणं होतं. समोर अडीचशे माणसं बसलेली असतात, ती टक लावून ऐकतात, डोळे पुसतात, टाळ्या वाजवतात. बेणारेचं म्हणणं ऐकलं गेलं! तिला न्याय मिळाला! तेंडुलकरांनी जे लिहिलं त्याच्या बरोबर उलट झालं, आणि वर आम्ही परीक्षकांनी त्याला गुण दिले. जे आपण आहोत, ते सातजण, त्यांना आपण मंचावरून उतरवलं आणि प्रेक्षकांत बसवून रुमाल दिला.

निकालही स्वगताबरोबर कापला जातो. काशीकर सांगतात की आईपण पवित्र असतं, गुन्हा अक्षम्य आहे, आणि म्हणून तिच्या पोटातला गर्भ नष्ट करण्यात यावा. खटला कशाचा होता? भ्रूणहत्येचा. शिक्षा काय? भ्रूणहत्या. मी दहावीच्या मुलांना हे एवढंच फळ्यावर एकाखाली एक लिहून दाखवायचे आणि गप्प राहायचे, मागच्या बाकावरच्या पोरालाही कळायचं. गर्भपाताचा कायदा आपल्याकडं झाला १९७१ साली. नाटक त्याच्या चार वर्षं आधीचं. म्हणजे संस्कृती राखायला बसलेलं ते कोर्ट जी शिक्षा देतं, ती करणं हाच त्या वेळी कायद्यानं गुन्हा होता. आणि निकाल देऊन झाल्यावर गावकरी प्रयोगाला आले म्हटल्यावर हीच मंडळी तिला उठवायला लागतात, मनावर घेऊ नको गं, खेळ होता तो. तोंडाला रंग लावायला आत निघून जातात. सामंत पुतण्यासाठी घेतलेला हिरवा कापडी पोपट तिच्याजवळ ठेवतो आणि पाय न वाजवता जातो. “चिमणीला मग पोपट बोले, का गं तुझे डोळे ओले?” हे गाणं ऐकू येतं, तिच्याच आवाजात.

मी मूळ गोष्टीवर येते. आमचा प्रयोग राज्य नाट्य स्पर्धेच्या केंद्रावर झाला, मीटरगेजच्या गाडीत दार तिरकं घालून आम्ही ते नेलं. बक्षीस काही मिळालं नाही. पण प्रयोगाची बातमी गावात आमच्या आधी पोचली होती. पुढच्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मला कार्यालयात बोलावलं. संस्थेचे पाच जण होते. कुणाचं नाव लिहीत नाही, त्यातले तिघं आज नाहीत आणि मला आता कुणाशी भांडायचं नाही. आधी चहा दिला. मग एकानं विचारलं, “बाई, ते सगळं तुम्ही इतकं मनापासून कसं काय बोललात?”

मला सांगता आलं नाही. अजूनही सांगता येणार नाही. ते भूमिकेबद्दल विचारत होते की माझ्याबद्दल, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नसावं. दुसरे एक गृहस्थ, ज्यांनी तक्रार लिहून घेतली होती, ते म्हणाले, “मी बाईंच्याच बाजूनं आहे, पण…” माझे वडील बाहेर व्हरांड्यात बाकावर बसून होते, टोपी हातात घेऊन. मी हात मांडीवर उलटे ठेवले होते. ते माझ्या लक्षात आलं तेव्हा मी ते झटकन पदराखाली घेतले.

मला काढलं नाही. दहावीचा वर्ग काढून घेतला, दोन वर्षं पाचवीवर ठेवलं, आणि सार्वजनिक मंचावर काम करणार नाही असं लिहून घेतलं. मी लिहून दिलं. घरी सगळे म्हणाले, थोडक्यात भागलं. मी पुन्हा नाटकात उभी राहिले नाही.

हे रडगाणं नाही. हे सांगितलं कारण तेंडुलकरांचं नाटक आपल्याकडं कसं चालतं ते दाखवायचं होतं. त्या पाच जणांना स्वगताचा त्रास झाला नव्हता. त्यांच्यापैकी दोघांनी प्रयोग पाहिला होता. त्यांना त्रास झाला होता तो काशीकरांचा आणि सुखात्म्यांचा. आमच्या रोखपालांनी जे केलं ते त्यांनी ओळखलं होतं. नुसतं स्वगत केलं असतं तर त्यांनीही डोळे पुसले असते आणि गॅदरिंगला परत करायला सांगितलं असतं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

तेंडुलकरांची बाकीची नाटकं काढून बघा. त्यांचं लक्ष एकट्या माणसाइतकंच त्याच्या भोवतीच्या माणसांकडं आहे. ‘घाशीराम कोतवाल’, १९७२, त्यात तर त्यांनी भोवतीची माणसं हीच भिंत केली. बारा ब्राह्मण ओळीनं उभे राहतात, पाठ फिरवतात, झुलतात, कधी झाकतात कधी उघडं करतात. त्या भिंतीशिवाय नाना फडणवीस आणि घाशीराम यांचा, लेकीच्या बदल्यात कोतवालीचा, सौदा करून दाखवा, नुसता बाप-लेकीचा करुण प्रसंग उरेल. ‘गिधाडे’त तर घरचीच माणसं. ‘सखाराम बाइंडर’वर सेन्सॉरनं केवढा गहजब केला, कोर्टात जावं लागलं, पण आज त्यातलंही चंपाचं बोलणं तेवढं तोडून मुली करतात. आणि ‘पाहिजे जातीचे’ हे नाटक तर आपल्या मराठवाड्यानं उशाशी ठेवावं असं आहे, कुणी करत का नाही कळत नाही. खेड्यातला पहिला एम. ए., तिसऱ्या वर्गात पास झालेला महिपत, दुसरं कुणी मिळेना म्हणून गावाकडच्या कॉलेजात प्राध्यापक होतो. आपल्या तालुक्या-तालुक्यांत अशी कॉलेजं निघाली, त्यांचे चेअरमन आपण पाहिले, त्या चेअरमनच्या नात्यातली मुलगी कुणाकडं बघते यावर नोकऱ्या कशा टिकल्या नि गेल्या तेही पाहिलं. पुण्या-मुंबईचं नाटक म्हणून तेंडुलकरांना बाजूला सारणाऱ्यांनी हे एक वाचावं.

शाळेतल्या माझ्या मुलींबद्दल एक लिहू द्या. दिवाळीनंतर पटावरच्या मुली कमी व्हायच्या. ऊसतोडीला आईबापाबरोबर गेलेल्या. चैत्रात टोळ्या परत यायच्या तेव्हा त्यातल्या काही मुली शाळेत येण्याऐवजी कुंकू लावून, हिरव्या बांगड्या घालून शाळेसमोरून जायच्या, माझ्याकडं न बघता. काशीकर भर कोर्टात बालविवाह परत सुरू करावेत असं म्हणतात, तेव्हा शहरातला प्रेक्षक हसतो. आमच्याकडं त्या वाक्याला कुणी हसलं नव्हतं. मी तेव्हा प्रेक्षकांवर चिडले होते की लोकांना कळत नाही. आता वाटतं, त्यांनाच कळलं होतं.

म्हणून युवक महोत्सव भरवणाऱ्यांना, गॅदरिंग बसवणाऱ्या सरांना-मॅडमना आणि एकपात्रीचे नियम करणाऱ्यांना हात जोडून सांगते, बेणारेचं स्वगत एकपात्रीच्या यादीतून काढा. बंदी घाला असं म्हणत नाही. तेवढाच वेळ, तेवढीच मुलं घेऊन तिसरा अंक करू द्या. नऊ पात्रंही लागत नाहीत त्याला, आणि नेपथ्य म्हणजे दोन-चार खुर्च्या, एक टेबल. मुलींना बेणारे व्हायची हौस असते, ती चांगलीच आहे, पण मुलांना काशीकर होऊ द्या, रोकडे होऊ द्या. वीस वर्षांच्या पोराला तीन आठवडे रोज संध्याकाळी सुखात्मे व्हावं लागलं, की तो पुढं कुठल्या खुर्चीवर बसेल तेव्हा त्याला आपल्या बसण्याची जाणीव राहील. ज्यानं आमच्या वेळी रोकडे केला तो खतवाल्या दुकानातला पोरगा आज आजोबा आहे. मला कार्यालयात बोलावलं त्या दिवशी व्हरांड्यात माझ्या वडिलांजवळ तो येऊन बसला होता, तास-दीड तास, एकही शब्द न बोलता. संचातला आणखी कुणी आला नाही.

त्या मुलीलाही मी निरोप पाठवला आहे. दामले शेवटी काय म्हणाले ते तिला मी घरी बोलावून सांगणार आहे. खरं तर सांगणार नाही, पुस्तक हातात देणार आहे. ती येते म्हणाली आहे, येताना मैत्रिणींना आणते म्हणाली, मी म्हटलं मित्रांनाही आण.

माझ्याकडं तेव्हाची प्रत आहे. पानं पिवळी झाली आहेत, समासात पेन्सिलीनं दिग्दर्शकांच्या खुणा आहेत, कुणी कुठून उठायचं, कडी कधी वाजवायची, आणि तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला माझ्या अक्षरात एक टीप, ‘हात मांडीवर उलटे’. परभणी, हिंगोली, जालना, बीड, कुठल्याही कॉलेजाचा संच हे नाटक पूर्ण, न कापता करणार असेल तर ही प्रत त्यांनी न्यावी. आपल्या कार्यालयात निरोप ठेवला तर मला कळेल. तालमीला जागा नसेल तर माझ्या घरची पुढची ओसरी रिकामी आहे, पंधरा माणसं बसतात. दारही आहे. गाडीतून परत आलं ते कुणी नेलं नाही, म्हणून वडिलांनी ते आमच्या मागच्या अंगणाला बसवलं. कडी तीच आहे. जरा बाहेर राहिली की अजूनही बाहेरून लागते, तेवढं संचातल्या लेकरांना आधी सांगून ठेवावं लागेल.

कळावे,
आपली वाचक,
एक निवृत्त शिक्षिका
ता. सेलू, जि. परभणी
(नाव व पत्ता आपल्याकडं स्वतंत्र कागदावर दिला आहे. छापू नये.)